शस्त्रखरेदीचा हिशेब खासदारापर्यंत नेमका किती पोचतो?

युनिफॉर्मवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट आहे. शस्त्रास्त्रांशी आपला संबंध पेपर वाचण्यापुरता. पण दर रविवारी सकाळी आम्ही काही जण सात रस्त्याजवळ चहाला जमतो. त्यात दोन वकील, एक निवृत्त मास्तर आणि बाकी सगळे धंदेवाले. या खेपेला ठरलं की संरक्षण खरेदीबद्दल आपल्या खासदारांना दोन-तीन नेमके प्रश्न लिहून द्यायचे आणि त्यांनी ते अधिवेशनात लावायचे. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर "टेंडर तूच भरतोस की!"

बसलो लिहायला आणि पहिल्याच पानावर अडलो. उदाहरणासाठी तेजस मार्क १ए हे देशी लढाऊ विमान घेतलं. मार्च २०२० ची बातमी: ८३ विमानांना संरक्षण खरेदी परिषदेची मंजुरी. जानेवारी २०२१: त्याच ८३ विमानांना मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची मंजुरी, विमानांसाठी ४५,६९६ कोटी आणि पायाभूत कामांसाठी १,२०२ कोटी. फेब्रुवारी २०२१: बंगळुरूच्या एअरो इंडियात करार, आकडा साधारण ४८ हजार कोटी. हे एकाच खरेदीचे तीन टप्पे, पण घाईत वाचणाऱ्याला वाटावं, सरकारनं तीनदा विमानं घेतली. आमच्या चहाच्या टेबलावर एकाला तसं वाटलंही होतं, आणि तो वकील आहे.

पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं. मार्च २०२४ गेला. अमेरिकेतून येणारं एफ-४०४ इंजिन वेळेवर आलं नाही, हे पेपरात आलं. पण सरकारनं संसदेला असा एखादा कागद दिलाय का, ज्यात एका ओळीत लिहिलंय की मुळात ठरलं काय होतं, आज कुठं आहोत आणि फरक कशामुळे पडला? मला तरी सापडला नाही.

माझ्या धंद्यात वर्क ऑर्डरवर तीनच गोष्टी ठळक असतात: नग, दर, डिलिव्हरीची तारीख. पाच हजार शर्टांची ऑर्डर असेल आणि मी तीन हजारच दिले, तर संस्थेचा हेडक्लार्क तो कागद माझ्यासमोर ठेवून बोट दाखवतो. एवढ्या मोठ्या देशाच्या खासदाराकडे बोट ठेवायला असा कागद असतो का, हाच माझा प्रश्न. असला तर कुठं मिळतो? नसला तर बाहेरचे देश काय करतात?

"देशाची सुरक्षा आहे, विचारू नये" असं उत्तर कृपा करून देऊ नका. ते रविवारी फुकट मिळतं.

---

स्पर्धापरीक्षा चालू आहे

दादा, प्रश्न लावायला दिले तरी सगळे सभागृहात येत नाहीत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत लागतात आणि त्यातले चार-पाचच तोंडी होतात. बाकी २३० अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. संरक्षणाच्या प्रश्नाला बऱ्याचदा "तपशील उघड करणे राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचे नाही" असं छापील उत्तर येतं. ही सगळी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात, जरूर वाचा. शंभर वाचली की पुढचं उत्तर काय येणार हे आधीच सांगता येतं.

पण कधीकधी एखादा आकडा सुटतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकसभेत राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी सांगितलं होतं की एका राफेलची किंमत साधारण ६७० कोटी, शस्त्रं आणि इतर साधनं सोडून. पुढं २०१८ मध्ये पूर्ण किंमत विचारली तेव्हा फ्रान्सबरोबरच्या २००८ च्या गोपनीयता कराराकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे नुसत्या विमानाची किंमत सांगता येते, जोडसाहित्यासह नाही. ही रेघ कोण मारतं, हे कळलं तर मलाही सांगा. मुलाखतीत उपयोगी पडेल.

---

जुळे सोलापूर, निवृत्त

आयुष्यभर पुण्यात संरक्षण लेखा विभागात होतो. सही करणारा साहेब नव्हे, बिलं तपासणारा. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या गोष्टी मला विचारू नका, कागदाच्या विचारा.

तुम्हाला हवा तो कागद नाही. आहेत ते असे.

पहिला, अर्थसंकल्पाबरोबरचं डिफेन्स सर्व्हिसेस एस्टिमेट्सचं पुस्तक. शस्त्रखरेदीचा भांडवली खर्च मेजर हेड ४०७६ खाली येतो, हेड म्हणजे हिशेबातलं खर्चाचं शीर्षक. २०२५-२६ ला या हेडची एकूण तरतूद, बांधकाम आणि संशोधन धरून, १ लाख ८० हजार कोटी होती. आत उघडून बघा: विमानं व इंजिनं, अवजड वाहनं, नौदलाचा ताफा, इतर साधनं. हेडप्रमाणे रक्कम आहे, प्रकल्पाप्रमाणे नाही. तेजसचे किती, राफेलचे किती, पाणबुडीचे किती, काही कळत नाही. एकाच हेडमध्ये जुन्या करारांचे हप्ते आणि नवे करार एकत्र शिजलेले असतात. आणि या मागण्यांवर, म्हणजे खात्यानं खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमांवर, चर्चा होईलच असंही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय एकगठ्ठा मंजूर झाल्या.

दुसरा, संरक्षणाची स्थायी समिती. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य. इथं खरं काम होऊ शकतं. २०१८ च्या मार्चमध्ये उपलष्करप्रमुखांनी याच समितीपुढं सांगितलं की लष्कराची ६८ टक्के साधनं जुनाट झाली आहेत, २४ टक्के आजच्या काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक. एका वाक्यानं सगळ्या देशात खळबळ. तेव्हा अध्यक्ष होते मेजर जनरल खंडुरी, स्वतः फौजी माणूस. पण ही समिती दर वर्षी नव्यानं बनते. नवा सदस्य संज्ञा शिकेपर्यंत वर्ष संपतं. मंत्रालयानं गोपनीय म्हणून दिलेला भाग छापील अहवालात फुल्या मारून येतो, त्यामुळे पुढच्या सदस्याला गेल्या वर्षी काय सांगितलं होतं हे तिथून कळत नाही.

तिसरा, कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचा अहवाल, आणि तो तपासणारी संसदेची लोकलेखा समिती. १९६७ पासून या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, ही चांगली प्रथा. पण कॅग येतो घटना घडून गेल्यावर, आणि तोही निवडक प्रकरणांत. राफेलच्या बाबतीत फेब्रुवारी २०१९ चा अहवाल उघडून पाहा. करार आधीच्या १२६ विमानांच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त, असं लिहिलंय, पण मूळ रकमा गायब. आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं. टक्केवारी बरोबर की चूक, वाचणाऱ्यानं पडताळायची कशी? आमच्या ऑफिसात कोणी असं बिल आणलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं.

आता तुमचं "मुळात ठरलं काय होतं". सगळी गोम तिथंच आहे. विमानवाहू युद्धनौका विक्रमादित्य आठवते? रशियाची जुनी गोर्शकोव्ह. २००४ च्या करारात दुरुस्ती आणि फेरबांधणी ९७ कोटी ४० लाख डॉलरला, ताबा २००८ मध्ये. २०१० ला किंमत गेली सुमारे २३५ कोटी डॉलरवर आणि जहाज नौदलात आलं नोव्हेंबर २०१३ मध्ये. काम किती निघेल याचा अंदाजच फसला होता. नुसती केबल बदलायचं काम ठरल्याच्या कितीतरी पट निघालं. हे एका रात्रीत कळलेलं नसतं. यार्डात बसलेल्या माणसाला पहिल्या वर्षी कळतं, मंत्रालयाला दुसऱ्या, आणि संसदेला कळतं किंमत दुप्पट झाल्यावर, जेव्हा निम्मे पैसे गेलेले असतात आणि मागं फिरायची वाट बंद असते.

अमेरिकेत यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला सिलेक्टेड अ‍ॅक्विझिशन रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा ठरावीक नमुन्यातला अहवाल. खर्च, वेळापत्रक, कामगिरी, नग, आणि मूळ अंदाजाशी फरक. नमुना तोच असल्यामुळे गेल्या वर्षीचा शेजारी ठेवता येतो. दुसरी, १९८२ चा नन-मकर्डी कायदा. एका नगाचा खर्च चालू आधारअंदाजापेक्षा (ज्याच्याशी वाढ मोजतात तो अंदाज) १५ टक्क्यांनी वाढला की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं. २५ टक्क्यांनी वाढला की प्रकल्प रद्द धरायचा. चालू ठेवायचा तर संरक्षणमंत्र्यानं लेखी प्रमाणित करायचं की हा देशाच्या सुरक्षेला अत्यावश्यक आहे, कमी खर्चाचा पर्याय नाही, नवा अंदाज वाजवी आहे, व्यवस्थापन खर्च आवरू शकतं.

आता खरी गंमत ऐका. पेंटागॉनचे, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याचे लोक हुशार. खर्च वाढत आला की ते आधारअंदाजच नवा करून घ्यायचे. फूटपट्टीच हलवली की वाढ दिसणार कशी? म्हणून २००६ च्या वर्षासाठीच्या संरक्षण कायद्यात मूळ अंदाजही कायमचा जोडला: त्यापेक्षा ३० टक्के वाढ म्हणजे सूचना, ५० टक्के म्हणजे गंभीर. माझ्या मते सगळ्या कायद्यात ही एक ओळ सगळ्यात मोलाची. आपल्याकडे एवढी जरी आली तरी मी पेढे वाटेन.

यानं सगळं सुधारलं का? नाही हो. सेंटिनेल या नव्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा खर्च २०२० च्या अंदाजापेक्षा ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला आणि जुलै २०२४ मध्ये पेंटागॉननं तो प्रमाणित करून चालूच ठेवला. पण प्रत्येक टप्प्यावर काँग्रेसला आकडा मिळाला, कारण मिळालं, सही कोणाची ते मिळालं.

एक खाचही सांगतो, ती तुम्हाला लगेच कळेल. अमेरिकेची झुमवॉल्ट विनाशिका आधी ३२ बांधायच्या होत्या, शेवटी ३ वर आल्या. संशोधनाचा खर्च तेवढाच, वाटायला जहाजं तीन. एका नगाचा भाव आभाळाला भिडला आणि २०१० ला कायद्याची रेघ ओलांडली. तुमच्या पाच हजार शर्टांच्या कटिंगचा खर्च पाचशे शर्टांवर टाकल्यासारखं. तेव्हा नुसतं "भाव का वाढला" विचारू नका, "नग किती कमी केले" हेही विचारा.

ऑस्ट्रेलियाचा प्रकार मला जास्त आवडतो. तिथं २००७-०८ पासून दर वर्षी मोठ्या प्रकल्पांचा एक अहवाल संसदेत येतो. प्रत्येक प्रकल्पाचं माहितीपत्रक संरक्षण खातं भरतं आणि राष्ट्रीय लेखापरीक्षक ते संसदेत जाण्याआधी तपासतो. आकडा खात्याचा, तपासणी दुसऱ्याची. अलीकडे त्यांनीही काही प्रकल्पांच्या तारखा सुरक्षेचं कारण सांगून वगळायला सुरुवात केलीय, म्हणजे हा आजार जगभरचा आहे.

---

माढ्याचा तोपची

निवृत्त साहेबांचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली. मी तोफखान्यात होतो. बोफोर्सचा करार १९८६ चा, ४१० तोफा, १,४३७ कोटी. त्यातल्या लाचेच्या आरोपांवरून काय रामायण झालं सगळ्यांना माहीत. १९८७ ला संयुक्त संसदीय समिती, १९८९ ला कॅगचा अहवाल, विरोधी खासदारांचे राजीनामे. त्यानंतर काय झालं? पुढची नवी मोठी तोफ, ती अमेरिकेची एम-७७७, तिचा करार झाला २०१६ ला. तीस वर्षं! मधल्या काळात कारगिल झालं ते त्याच बोफोर्सवर. तोफ चांगलीच होती, ही पण गोष्ट कोणी सांगत नाही.

सांगायचं काय, तर संसदेत आकडे गेले की बोंबाबोंब होते आणि मग कोणी बाबू फाईलवर सही करत नाही. सही केली तर चौकशी, नाही केली तर पेन्शन सुरक्षित. मार खातो तो खाली उभा असलेला जवान. तुम्ही लोकांनी आणखी एक अहवाल वाढवला तर आणखी दहा वर्षं थांबायची तयारी ठेवा.

---

जुळे सोलापूर, निवृत्त

तोपची, राम राम. तुमचा राग रास्त आहे. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूला ओढतो. तीस वर्षं तोफ आली नाही, याचा दर वर्षी संसदेत हिशेब गेला असता तर? झालेल्या खरेदीचा जाब विचारणारे शंभर, न झालेल्या खरेदीचा जाब विचारायला कागदच नाही. टेंडर काढलं, चाचण्या घेतल्या, पुरवठादार काळ्या यादीत गेला, टेंडर रद्द, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं त्याच पानावर यायला हवं: गरज कधी मान्य झाली, आज किती वर्षं झाली, फाईल कोणत्या टप्प्यावर किती महिने पडून आहे. न केलेली सही पण दिसू दे की.

आणि बोंबाबोंब कधी होते? वीस वर्षं काही सांगायचं नाही आणि एक दिवस अचानक घबाड बाहेर येतं, तेव्हा. दर वर्षी दहा टक्के इकडंतिकडं दिसत असेल तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

---

माढ्याचा तोपची

न झालेल्या खरेदीचं बोललात ते मान्य. पण मग पल्ला, दारूगोळ्याचा साठा, कुठल्या युनिटला काय मिळालं हे त्यात नको. ते आम्ही बायकोलाही सांगत नव्हतो.

---

जुळे सोलापूर, निवृत्त

शंभर टक्के. साठ्याचा आकडा बंद लिफाफ्यात समितीला, बाकी उघड. किती नग ठरले, किती आले आणि किती पैसे गेले, हे शत्रूला उपग्रहातून आणि कंपनीच्या ताळेबंदातून तसंही कळतं. न कळणारा एकटा आपला खासदार.

---

युनिफॉर्मवाला, सोलापूर

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर बसून मसुदा केला. बघा जमतंय का.

प्रश्न एक: प्रकल्प ७५ खाली सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांच्या २००५ च्या करारातली मूळ रक्कम आणि प्रत्येक पाणबुडीची मूळ ताबा-तारीख काय होती, प्रत्यक्ष तारीख काय आणि अंतिम खर्च किती? (पहिली कलवरी २०१२ ला यायची होती, आली डिसेंबर २०१७ ला. शेवटची वाघशीर जानेवारी २०२५. निदान हा प्रकल्प पुरा झालाय, तेव्हा गुपित काय उरलं?)

प्रश्न दोन: तेजस मार्क १ए ची एका विमानाची किंमत किती, आजपर्यंत किती मिळाली, उशिराबद्दल दंड किती वसूल केला?

प्रश्न तीन: मोठ्या प्रत्येक करारासाठी मूळ अंदाज, आजचा अंदाज आणि फरकाचं कारण दाखवणारं वार्षिक विवरणपत्र मागण्यांच्या चर्चेपूर्वी सभागृहात ठेवण्याचा सरकारचा विचार आहे का?

तिसरा आमच्या वकिलांनी घातला. मला तो जरा भाषणासारखा वाटतो.

---

जुळे सोलापूर, निवृत्त

पहिला उत्तम, हात लावू नका.

दुसऱ्यातून "एका विमानाची किंमत" काढा. तो शब्द दिसला की गोपनीयतेचं उत्तर तयार असतं आणि त्याच्या आडून बाकीची दोन उत्तरंही बुडतात. किती मिळाली आणि दंडाची रक्कम, एवढंच ठेवा. दंडाचं मुद्दाम सांगतो, कारण तो लावायचा की माफ करायचा यावर फाईली फार फिरतात, आणि ज्या कंपनीला लावायचा ती सरकारचीच असली की गंमत आणखी वाढते.

तिसरा ठेवा, पण "विचार आहे का" असं विचारलं तर "नाही" या एका शब्दात उत्तर संपेल. त्याऐवजी असं करा: "असं विवरणपत्र सध्या मंत्रालयात अंतर्गत वापरासाठी तयार होतं का, होत असल्यास ते स्थायी समितीला दर वर्षी दिलं जातं का, नसल्यास कारणं काय?" म्हणजे होय म्हटलं तरी पुढचा प्रश्न उभा राहतो, नाही म्हटलं तरी राहतो. फरकाच्या कारणाचे तीन रकानेही मागा: रुपया घसरल्यामुळे, महागाईमुळे आणि काम वाढल्यामुळे. नाहीतर सगळं खापर डॉलरवर फुटतं.

आणि लांबी बघा. लोकसभेत प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो आणि किमान १५ दिवस आधी सूचना जावी लागते. आमच्या जिल्ह्यातली माणसं अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जातात.

---

युनिफॉर्मवाला, सोलापूर

बदल केले. वकिलांना फोन करून त्यांचं वाक्य कापल्याचं सांगितलं, थोडे नाराज आहेत. या रविवारी सगळ्यांच्या सह्या घेतो आणि सोमवारी खासदारांच्या कार्यालयात देऊन येतो. तोपची, तुम्ही माढ्याचे म्हणजे तुमचा मतदारसंघ वेगळा. हाच कागद तिकडच्या खासदारांनाही द्या की. न झालेल्या खरेदीचा प्रश्न तुम्ही घाला, तो तुमच्याच तोंडून शोभतो.

---

माढ्याचा तोपची

पाठवा. तोफांचा घालतो.